भट्टीवरचं सुतक

“मग आणखी काय करायचं राहिलं, महाराज? तुम्हीच सांगा.”

मगदूम साहेबांनी हे पुन्हा विचारलं. महाराज ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसले होते, डोळे मिटलेले. झोप लागली की काय म्हणून मी मुद्दाम खाकरलो.

“ऐकतोय रे,” महाराज म्हणाले.

नदीकाठच्या आमच्या या मठात माणसं येतात ती बहुतेक दमूनच. धुंडीनाथ महाराज सगळ्यांचं ऐकून घेतात. अलीकडे ते स्वतःही दमलेत. वय झालं. पण लोकांना हे कोण सांगणार? मी सांगायला गेलो की मलाच म्हणतात, तू आपला चुलीपाशी बस.

हे शीतल मगदूम पलीकडच्या एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या फौंड्रीत पर्सोनेल ऑफिसर. कामगारांची भरती, रजा, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. महिन्यापूर्वी तिथं भट्टीत ओलं भंगार पडलं आणि वितळलेलं लोखंड उसळलं. दोन माणसं गेली.

“पुण्याहून मानसोपचाराच्या बाई आणल्या,” साहेब सांगत होते. “सगळ्यांना गोल बसवलं, मनातलं बोला म्हटलं. कुणी तोंड उघडलं नाही. गेलेल्यांचे फोटो लावले, हार घातले. सकाळी प्राणायाम सुरू केला. फोन नंबर दिलाय, कधीही लावा, समोर माणूस बोलेल. एकानंही लावला नाही. आसपासच्या कुठल्या कारखान्यानं एवढं केलं असेल तर दाखवा मला.”

“बरंच केलंस.”

“तेच म्हणतोय मी. तरी…”

साहेबांनी अंगणाकडे मान वळवली. अंगणातल्या चिंचेखाली एक माणूस बसला होता. त्याला तेच आपल्या गाडीतून घेऊन आले होते. आल्यापासून तो हलला नव्हता. मी पाणी नेऊन ठेवलं होतं, तांब्या तसाच भरलेला.

“आप्पासो चौगुले,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले. “गेलेल्यांत एक दस्तगीर मुजावर होता, त्याचा हा जोडीदार. परवा भट्टीच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहिला. हातमोजे नाहीत, काही नाही. हाका मारल्या तर ऐकू येईना. शेवटी पोरांनी ओढून मागं घेतला. महाराज, दोघं गेले, आता हा तिसरा जायचा… मला झोप नाही हो.”

आल्यापासून पहिल्यांदा मला साहेबांची दया आली.

“बोलव त्याला,” महाराज म्हणाले.

आप्पासो आला आणि पायरीवर बसला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लावलेली.

“दस्तगीर तुझा कोण?”

“कुणी न्हाई.”

महाराजांनी मान डोलावली.

“एका लॅडलवर हुतो आमी,” आप्पासो म्हणाला. “लोखंड वतायचं भांडं असतंय. त्येला दोगं लागत्यात, म्होरं एक, मागं एक. एकाचा पाय अडकला की दोगंबी जळायचं. म्हणून जोडीदार बदलत न्हाईत.”

“कधीपासून?”

“माज्या लग्नाच्या आदीपास्नं.”

“मातीला गेलतास?”

“गेलतो. माती दिली. त्येच्या घरात भाबीनं चूल पेटवली नव्हती, तर भाकरी-पिठलं घिऊन गेलो.”

“आणि तुझ्या घरी?”

“माज्या घरी काय?”

“तुझी चूल पेटली होती?”

आप्पासो गोंधळला. “पेटली की. बायकुनं पाणी तापवलं, आंगूळ केली, जेवाण वाढलं. सकाळी शिफ्टला गेलो.”

“सुतक?”

“मला कुटलं सुतक, म्हाराज? त्यो मुजावर, मी चौगुले.”

“रजा तरी मागायचीस…”

आप्पासोनं मान खाली घातली. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वच्छच होता तो.

“मागितली होती त्यानं,” साहेब म्हणाले. “नियमात बसत नव्हती. मयताची रजा आईबाप, बायको, मुलं, सख्खी भावंडं, एवढ्यांसाठीच मिळते. मी तरी काय करणार? म्हणून तर त्याला त्या बाईंकडे पाठवलं.”

“काय म्हणाल्या बाई?”

“दुःखातनं भाईर पडा म्हणाल्या,” आप्पासो म्हणाला. “चांगल्या हुत्या. पर मला काय जमंना.”

महाराजांनी डोळे उघडून साहेबांकडे पाहिलं. रागावून नाही. दमलेला बाप पोराकडे पाहतो तसं.

“आत तर कुणी घेतलंच नाही त्याला, शीतल. मग बाहेर कुठून पडेल?”

साहेब पुसलेला चष्मा हातातच धरून बसले. मीही निवडायची भाजी तशीच हातात धरून बसलो.

“काय शिजलंय रे?” महाराजांनी मला विचारलं.

“भाकरी आहे, पिठलं आहे. पण पिठलं जरा करपलंय.”

“आण.”

मी एक ताट आणलं. महाराजांनी ते आप्पासोपुढं ठेवू दिलं नाही. साहेबांच्या मांडीपाशी सरकवलं.

“घास दे त्याला.”

“मी?”

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतलं कुणीतरी भाकरी घेऊन येतं आणि पहिला घास आपल्या हातानं भरवतं. कडू घास म्हणतात त्याला. त्याशिवाय त्या घरातल्या माणसाच्या गळ्याखाली अन्न उतरत नाही.

“कडू घास भावकीनं द्यायचा असतो, महाराज,” साहेब म्हणाले. “मी याचा कोण?”

महाराजांनी पुन्हा डोळे मिटले.

मला वाटलं, आता हा गृहस्थ उठणार, गाडीत बसणार आणि गावभर आमच्या मठाच्या नावानं शंख करणार. तसं काही झालं नाही. साहेबांनी बाह्या वर सारल्या. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात पुढं केला.

आप्पासो तोंड उघडेना.

“घे, चौगुले.”

…

“आप्पा… घे रे.”

आप्पासोनं तोंड उघडलं. घास चावता चावता तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा.

“मी पाणी प्याला गेल्तो, सायेब,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “नुसतं पाणी प्याला. तेवढ्यात झालं.”

महिनाभर हे त्यानं कुणालाच सांगितलं नसणार. आता साहेब समजूत घालायला लागणार, अशी मला भीती वाटली. पण देवाची कृपा, ते बोलले नाहीत. त्यांनी दुसरा घास केला. डोळ्यांतून पाणी येत होतं तेही पुसलं नाही. हात पिठल्यानं भरले होते.

आप्पासोनं ताट संपवलं. करपलेलं पिठलंसुद्धा. मग तो चिंचेखाली जाऊन आडवा झाला आणि घोरायला लागला.

“कामावर नको येऊ म्हणतो त्याला,” साहेब हात धुता धुता म्हणाले. “दहा दिवस घरी राहू दे. रजेचं माझं मी बघतो. नियमाचं काय करायचं तेही बघतो.”

महाराजांनी रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं.

साहेब पायरीवर बसले. दिवसभर ओझी वाहिल्यासारखे खांदे पडले होते. थोड्या वेळानं त्यांचा तो पहिला चिडका आवाज परत आला.

“हा एक झाला, महाराज. भट्टीवर आणखी चाळीस माणसं आहेत. कुणी जेवत नाही, कुणी प्यायला लागलाय, एकजण तर भट्टीचा आवाज झाला की संडासात जाऊन बसतो. मी एकटा माणूस, किती जणांना घास भरवत फिरू?”

महाराजांनी नदीकडे पाहिलं. मग म्हणाले,

“तोंडं मोजलीस ना?”

“मोजली. चाळीस.”

“आता त्यांचेच हात मोज.”