जामीनदार

"मग त्याला काय सांगू, बाबा? प्रभाकर साळुंके मेला म्हणून सांगू?"

सोमगिरीबाबा पळसाच्या पानांची पत्रावळ लावत होते. त्यांनी पानात काडी टोचली आणि उरलेली मोडली.

"मेला का तो?"

"तुमच्यासमोरच मेला की. सतरा वर्षं झाली. याच मठात मी माझ्या हातानं माझा पिंड दिला. नाव, गोत्र, घर, सगळं पाण्यात सोडलं. चैतन्यगिरी म्हणून हाक तुम्हीच मारलीत."

"मारली."

"मग प्रभाकर साळुंकेचं कर्ज चैतन्यगिरीनं का फेडायचं?"

बाबांनी दुसरं पान उचललं. उजेडात धरून कुठं फाटलंय का ते पाहिलं.

बालाघाटच्या डोंगरातल्या त्या मठात चैतन्यगिरीच्या शब्दाला वजन होतं. गुरुवारी त्याचं निरूपण ऐकायला आसपासच्या गावांतून माणसं येत. तो वैराग्यावर बोलू लागला की बायका पदरानं डोळे टिपत. बाबा थकले होते. त्यांच्यामागं गादीवर कोण बसणार, हे कुणी विचारत नसे. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

आणि दोन महिन्यांपूर्वी मठाच्या पत्त्यावर पत्र आलं. प्रभाकर विठोबा साळुंके, राहणार लोहारा, डाळीच्या गिरणीसाठी घेतलेलं कर्ज. ज्या पतपेढीनं ते दिलं ती केव्हाच बुडाली होती, पण तिची जुनी कर्जं कुठल्याशा कंपनीनं स्वस्तात विकत घेतली होती. पत्रामागून फोन आले. मठातल्या सेवेकऱ्यांनी ते घेतले आणि एकमेकांकडे पाहिलं. आज तर माणूसच येऊन चिंचेखाली बसला होता.

"बिराजदार वकिलांना मी विचारून ठेवलंय," चैतन्यगिरी म्हणाला. "इतकं जुनं कर्ज कोर्टात उभं राहत नाही. मुदत संपली. फक्त फेडीन असं लिहून द्यायचं नाही आणि सही करून एक रुपयाही भरायचा नाही. तसं केलं की मेलेलं कर्ज पुन्हा उठून बसतं, म्हणाले."

"म्हणजे कर्जही मेलं."

"होय."

"आणि प्रभाकरही."

"होय, बाबा."

"मग बाहेर बसलाय तो कुणाला शोधतोय?"

...

"त्याला आत बोलाव," बाबा म्हणाले. "जेवायची वेळ झालीय."

दुधाळ नावाचा तो माणूस पन्नाशीला आलेला होता. चपला बाहेर काढताना त्यानं एकीचा अंगठा नीट बसवून ठेवला. बाबांनी स्वतः त्याच्यापुढं पत्रावळ मांडली. भात वाढला, आमटी वाढली. चैतन्यगिरी ताकाचं भांडं घेऊन उभा राहिला.

"मी भांडायला आलो नाही, महाराज," दुधाळ म्हणाला. "एका कागदावर सही आणि शंभर रुपये. वरच्या साहेबांना खातं हललेलं दाखवावं लागतं. बाकीचं पुढं बघता येईल."

"प्रभाकर नावाचं इथं कुणी नाही," चैतन्यगिरी म्हणाला. आवाज निरूपणातला होता, शांत आणि भरलेला.

दुधाळनं घास गिळला. "असंच असतं. पत्त्यावर गेलं की माणूस नसतो."

"इथं येण्याआधी कुठं गेला होतास?" बाबांनी विचारलं.

"लोहाऱ्याला. जामीनदाराकडं. शिवलिंग कोराळे म्हणून आहेत. शिंपीकाम करतात."

चैतन्यगिरीनं ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"त्यानं काही दिलं?" बाबांनी विचारलं.

"ते देतातच, महाराज. पहिल्यापासून देतायत. पतपेढी होती तेव्हा दिले, ती बुडाल्यावर जो कुणी कारभारी आला त्याला दिले, आता आम्हाला देतात. थोडे भरतात, सही करतात. त्यांच्या सह्यांवर तर हे खातं जिवंत आहे. व्याज पुढं पळतं आणि ते मागून चालतात."

"मग त्याला सोडून इकडं कसा आलास?"

"त्यांचं शिलाई मशीन गेलं. विकलं. आता दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करतात. बघवेना, म्हणून म्हटलं, मूळ माणूस सापडतोय का पाहावं. पण पत्ता त्यांनी नाही दिला. त्यांच्या भिंतीवर फोटो होता, खाली या मठाचं नाव छापलेलं. त्यावरून आधी पत्र धाडलं."

"फोटो कुणाचा?"

दुधाळनं भाताचा हात वर केला आणि चैतन्यगिरीकडे दाखवलं.

"यांचा. रोज हार घालतात. मला म्हणाले, तिकडं जाऊ नका, साधू माणूस आहे, त्यांच्या तपात खंड पडेल."

...

चैतन्यगिरीनं ताक वाढलं. दुधाळ जेवला, पत्रावळ उचलून बाहेर टाकली, सही न झालेल्या कागदाची घडी पिशवीत घातली आणि दुपारच्या गाडीनं गेला.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "लोहारा किती लांब?"

"एसटीनं तीन तास."

"जाऊन ये."

"बाबा, संन्याशानं पूर्वाश्रमीच्या गावात पाऊल ठेवू नये."

"मेलेल्या माणसाला गाव कुठलं?"

...

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो निघाला. वाटेत त्यानं शब्द जुळवले. वकिलांनी सांगितलेलं सगळं शिवलिंगला समजावून सांगायचं. सही थांबली की कर्ज आपोआप निजेल. कुणाचंच नुकसान नाही. हे जुळलं तेव्हा त्याला बरं वाटलं.

लोहाऱ्यात घर सापडायला वेळ लागला नाही. दारात शिवलिंगची बायको महानंदा उभी होती. ती पाया पडली नाही.

"या, भावजी."

सतरा वर्षांत त्याला कुणी भावजी म्हटलं नव्हतं.

तिनं पाणी दिलं. भिंतीवर त्याचाच फोटो होता, त्याला शेवंतीचा ताजा हार. त्याच्या खाली रिकामी जागा होती आणि फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग.

"ते दुकानात आहेत. निरोप धाडलाय. येतील."

शिवलिंगची वाट पाहिली नाही त्यानं. मुदत, सही, कोर्ट, सगळं तिला सांगितलं. तिनं मधे न बोलता ऐकलं.

"हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी कोर्टातल्या एका बाईंनी सांगितलं. यापुढं सही करू देऊ नका, म्हणाल्या. मी पाया पडले त्यांच्या. ऐकत नाहीत."

"का?"

"तुमच्यासाठी. म्हणतात, देवानं त्याला बोलावलं आणि त्याचं ओझं माझ्याकडं दिलं. तो तिकडं तप करतो, मी इकडं हप्ते भरतो. दोघांचं मिळून एकच."

...

"भावजी, एक विचारू? देवानं बोलावलं होतं का तुम्हाला?"

तो फोटोकडे पाहत राहिला.

"गिरणीची वीज तोडली तो सोमवार होता," महानंदा म्हणाली. "मंगळवारी तुम्ही इथं जेवलात. मी वाढलं. तेव्हा देवाचं नाव काढलं नव्हतं तुम्ही. पतपेढीच्या माणसांना कसं चुकवावं, तेवढंच बोलत होता. बुधवारी गेलात. मग आठवड्यानं पत्र आलं, बोलावणं आलं म्हणून."

दर गुरुवारी त्यानं ते बोलावणं लोकांना सांगितलं होतं. पहाटेचा उजेड, कानात आलेला शब्द, उंबरा ओलांडताना हलकं झालेलं अंग. इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला ते दिसतही असे. आता आठवायला गेला तर फक्त गिरणीच्या दारात ओल्या पडलेल्या तुरीचा आंबूस वास आला.

"तेवढं त्यांना सांगा," ती म्हणाली. "मला तुमचे पैसे नकोत. गेलं ते गेलं. घाबरून पळालो, एवढं तुमच्या तोंडानं सांगा. एकदा ऐकलं की पुन्हा सही करणार नाहीत ते. दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत."

"सांगतो, वहिनी."

हे म्हणताना तो खोटं बोलत नव्हता.

शिवलिंग आला तो एकटा आला नाही. दुकानाचा मालक, शेजारपाजारचे पाच-सहाजण, दोन म्हाताऱ्या बायका, सगळे त्याच्यामागून आले. तो वाळून गेला होता. गळ्यात टेप लटकत होती, बोटांना सुईचे घट्टे पडलेले होते. एकेकाळी तो परभ्या म्हणून हाक मारायचा, आणि त्या हाकेवर दोघं शाळेतून पळून ओढ्यात पोहायला जायचे.

"महाराज," शिवलिंग म्हणाला, आणि त्यानं पायावर डोकं ठेवलं.

"ऊठ. ऊठ, शिवलिंग. माझं ऐक. ती माणसं आली तर सही करू नको. कायद्यानं तुझ्यावर..."

"कायदा राहू द्या, महाराज. तुमच्या नावाला डाग नको. माझ्यापरीनं मी ओढतोय."

"माझ्या नावाचं काही नाही रे."

"असं कसं? या सगळ्यांना विचारा." शिवलिंग मागं वळला. "मी रोज सांगतो यांना. आपल्या लोहाऱ्याचा माणूस कुठं पोचला ते सांगतो."

माणसांनी हात जोडले होते. एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं.

स्वयंपाकघराच्या दारात महानंदा उभी होती. तिचे डोळे चैतन्यगिरीवर होते.

"शिवलिंग..." तो म्हणाला. "त्या वेळी मी... ते बोलावणं..."

सगळे ऐकू लागले. शिवलिंगनं मान पुढं केली, निरूपण सुरू होताना लोक करतात तशी.

...

"...त्याची इच्छा," चैतन्यगिरी म्हणाला.

"खरंय, महाराज," शिवलिंग म्हणाला, आणि पुन्हा वाकला. "हात ठेवा डोक्यावर. अजून पाच वर्षं अंगात बळ राहू द्या. तेवढ्यात संपवतो."

त्यानं हात ठेवला. केसांत तेल नव्हतं. कवटी हाताला लागली.

महानंदा आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

निघताना शिवलिंगनं नारळ दिला, त्यावर कुंकू आणि अकरा रुपये. नको नको म्हणेपर्यंत झोळीत घातलेसुद्धा.

मठात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. बाबा त्याच जागी बसले होते. त्यानं काही लपवलं नाही. महानंदा काय म्हणाली ते सांगितलं. माणसं कशी हात जोडून उभी होती ते सांगितलं. तोंडाशी आलेला शब्द कसा वळला, तेही सांगितलं. झोळीतला नारळ आणि अकरा रुपये बाबांसमोर ठेवले. त्याला वाटलं, आता बाबा चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

बाबांनी त्या पैशांकडे पाहिलं.

"आशीर्वाद मागितला त्यानं?"

"होय."

"तू दिलास?"

"...दिला, बाबा."

बाबांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"म्हणजे याही वेळचा हप्ता त्यानंच भरला."