पाचवी शिंपली

कोंडबंदरच्या कोळीवाड्यासमोर ओहोटीला एक काळा खडक उघडा पडतो. त्याला पोशीचा खडक म्हणतात. पाहुणा आला की गावचे म्हातारे त्याला पारावर बसवून गोष्ट सांगतात. सांगताना आवाज असा जड करतात, जणू पोशीला दुसऱ्याच कुठल्या गावाने बुडवलं.

फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात म्हणे गावदेवीचं देऊळ पाडलं गेलं. कर्ते पुरुष खाडीपलीकडे पळाले. मागे राहिलेल्या पोशीने देवीचा तांदळा, शेंदूर फासलेला पाषाण, रांजणात लपवला आणि दारावर क्रूस ठोकला. क्रूस पाहून शिपाई दारातूनच परत जात.

मग कोंडबंदरच्या बेटावर इंग्रज आला. त्याने दवंडी पिटवली: ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा, न्याय गावच्या पंचांनी करावा. पळालेले परतले, तेच पंच झाले. आणि पहिला निवाडा हाती घेतला तो पोशीचा. क्रूस समुद्रात टाक, नाहीतर गाव सोड.

"दोन होड्यांवर पाय ठेवतेस गो, बुडशील," एक पंच हसला.

"होडी एकच होती, नाखवा. तुम्ही नव्हता तीत," पोशी म्हणाली. "क्रूस भीतीनंच ठोकला, खरं आहे. पण घरधनी बुडाला तेव्हा मी याच्याचपुढं रडले, देवीच्याही पुढं रडले. दोघांनी ऐकलं. आता कामापुरता मामा म्हणून याला फेकू?"

ती इंग्रजाच्या ठाण्यावर गेली. तिथला कारभारी म्हणाला, "तुमच्या धर्मात आम्ही हात घालत नाही."

निवाडा पारावर होई, पाच पंचांच्या पाच शिंपल्यांनी. उताणी म्हणजे राहू दे, पालथी म्हणजे हाकल. हाकलायला पाचही पालथ्या लागत. चार पालथ्या पडल्या. पाचवी होती धाकू पाटलाच्या हातात, पोशीच्या सासऱ्याच्या. रांजणात काय होतं, ते त्याला ठाऊक होतं.

"मामंजी," ती एवढंच म्हणाली.

धाकूने तिच्याकडे पाहिलं नाही. चार पंचांकडे पाहिलं. शिंपली पालथी ठेवली.

गावची शीव खडकाशी संपायची. पोशी क्रूस घेऊन तिथे जाऊन उभी राहिली. सांजेची भरती चढली, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. किनाऱ्यावर होड्या ओळीने बांधलेल्या होत्या. एकही सुटली नाही. शेवटी धाकूने दोर सोडला म्हणे, तेव्हा खडकावर नुसतं पाणी होतं.

सकाळी पारावरच्या पाचही शिंपल्या उताण्या होत्या आणि काठोकाठ खाऱ्या पाण्याने भरलेल्या, असं सांगतात.

तेव्हापासून कोंडबंदरात एकमताचा निवाडा चालत नाही. हाकलायला आता चार पालथ्या पुरतात, पण एक तरी शिंपली उताणी पडावी लागते. ती पोशीची.

आजही पंच बसतात, आजही शिंपल्या पडतात, आणि एक उताणी पडतेच. उताणी कोणी टाकायची, हे म्हातारे आदल्या दिवशीच ठरवून ठेवतात.