अकरा कोरड्या दिवसांचा शोध

“आन एवढं समदं शिकाया किती वर्सं लागली म्हन्लीस?”

“पाच,” शलाका म्हणाली. “तीन पदवीची आणि दोन ही.”

“आन धरतीचं वय किती म्हन्लीस?”

“साडेचारशे कोटी वर्षं.”

“मग पाच वर्सांत बरंच आटपलंस की!”

भानपुरी बुवा मिश्कीलपणे हसले. शलाकाही हसली, पण जरा जपून. थट्टा पृथ्वीची चालली आहे की आपली, हे तिला नीटसं कळलं नव्हतं.

घाटमाथ्यावरच्या त्या मठात ती आज दुसऱ्यांदा आली होती. बुवा मठाचे गोसावी. देवाची पूजा, दोन गाई आणि सरकारने छत्तीस वर्षांपूर्वी बसवून दिलेलं एक पर्जन्यमापक, एवढाच त्यांचा संसार. रोज सकाळी साडेआठला ते पर्जन्यमापकाकडे जात, आदल्या दिवसभराचा पाऊस मोजत आणि वहीत आकडा लिहीत. पूजा एखादे दिवशी मागेपुढे झाली तर देव समजून घेईल, पण साडेआठ म्हणजे साडेआठ, असा त्यांचा हिशोब.

गेल्या उन्हाळ्यात शलाका पहिल्यांदा आली, ती या वह्यांसाठी. छत्तीस वर्षांचा पाऊस तिने एका दुपारीत मोबाइलवर फोटो काढून टिपला. निघताना बुवा म्हणाले होते, “पावसाळ्यात ये की. चार दिस ऱ्हा. मोजायचं कसं त्ये दावतो.”

“वेळ नाही हो, बुवा,” ती म्हणाली होती. “आकडे मिळाले, तेवढे पुरेत.”

आता माघ उजाडला होता. आकड्यांचा जाडजूड प्रबंध झाला होता, त्याला निळं पुठ्ठ्याचं आवरण चढलं होतं आणि सोमवारी पुण्यात पाच प्राध्यापकांपुढे तो मांडायचा होता. त्याआधी बुवांना दाखवावा म्हणून ती पेढे घेऊन सकाळीच घाट चढून आली होती. पहिल्या पानावर, आभारात, बुवांचं नाव होतं. त्यांनी ते चष्म्यातून एकदा वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“मग, काय काय शिकलीस त्ये तरी सांग.”

शलाका सांगू लागली. तिला तो पृथ्वीविज्ञानाचा विषय मनापासून आवडायचा, ते खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी सरांनी सगळ्या वर्गाला एका कड्याखाली उभं केलं होतं. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये बोटभर जाडीचा तांबडा पट्टा दाखवून ते म्हणाले होते, ही माती आहे. खालचा लाव्हा थंड झाला, वरचा अजून यायचा होता, मधल्या काळात इथे झाडं उगवली असतील. त्या दिवशी परतताना तिने बसच्या खिडकीवरून नाक काढलं नव्हतं. रस्त्याकडेचा प्रत्येक डोंगर ओळखीचा वाटत होता.

पुढे मात्र खिडकी सुटली. संगणकाच्या पडद्यावर जगभरचे ढग एकदम दिसायला लागल्यावर डोक्यावरचा ढग बघायला मान वर कोण करतो? शंभर वर्षांचा पाऊस ती एका मिनिटात गाळून, चाळून, रंगवून दाखवी. वर्गात तिचा शब्द शेवटचा असे. आणि आपला शब्द शेवटचा असतो हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

बुवा ऐकत होते. मध्येच त्यांनी प्रबंधातल्या एका आलेखावर बोट ठेवलं.

“ह्यो खड्डा कसला?”

शलाकाचे डोळे चमकले. “तोच तर शोध आहे, बुवा! माझं चौथं प्रकरण. चौदा वर्षांपूर्वीचा जुलै. इथे, तुमच्या मठात, सलग अकरा दिवस थेंब पडला नाही.”

“थेंब न्हाई?”

“एकही नाही. आणि गंमत म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या गावांत त्याच दिवसांत धो धो पाऊस. घाटमाथ्यावर असा कोरडा पट्टा तयार होतो, हे आजवर कुणी दाखवलेलं नाही. सर तर म्हणाले, यावर मोठा लेख होईल.”

चारी बाजूंनी पाऊस कोसळत होता आणि नेमका मठावरच रुसला होता, हे तिला विचित्र वाटलं नव्हतं. शोध वाटला होता.

“कंचं साल म्हन्लीस?”

तिने साल सांगितलं.

बुवांनी डोळे मिटले…

मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं. गोठ्यातल्या गाईने मान वळवून पाहिलं.

“पोरी,” धोतराच्या सोग्याने डोळे पुसत ते म्हणाले, “आमच्या हितं दुस्काळ पडला हुता, आन आमास्नी कुनी बोललंच न्हाई!”

शलाकाला राग आला. “तुमच्याच वहीत आहे, बुवा. मी पदरचं काही घातलेलं नाही.”

बुवा उठले. आतल्या फडताळातून फडक्यात बांधलेली त्या सालची वही घेऊन आले आणि माघ महिन्याचं पान उघडलं.

“हितं काय लिवलंय?”

“शून्य.”

“हितं?”

“शून्य. महिनाभर शून्यच आहे.”

चार-पाच पानं उलटून ते जुलैवर आले. “आन हितं?”

शलाकाने पाहिलं. “काही नाही. कोरं आहे.”

“आन तुज्या पुस्तकात?”

“शून्य…” ती म्हणाली आणि घाईने पुढे बोलली, “संगणकाला रिकामी जागा चालत नाही, बुवा. गणित अडतं. काहीतरी भरावं लागतं.”

“आन काहीतरी म्हनून तुला ह्योच आकडा गावला?”

शलाका पुन्हा त्या कोऱ्या जागेवर वाकली.

“कडंचा रकाना वाच.”

कडेला ‘शेरा’ असा एक अरुंद रकाना होता. तिच्या फोटोंत तो नव्हता. तिला आकडे हवे होते, म्हणून तिने सगळ्या पानांचे फोटो आकड्यांपुरतेच कापून घेतले होते. बुवांच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं: ‘साकव वाहून गेला. ओढा पार होईना. पाऊस मुसळधार. मोजता आला नाही.’

त्याखाली दहा ओळींत दहा वेळा ‘वरीलप्रमाणे’.

तिने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. तिसऱ्या ‘वरीलप्रमाणे’ला ती थांबली.

…

बुवा तिला अंगणाच्या टोकाला घेऊन गेले. मठ दाट झाडीत होता. खाली घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा खळखळत होता, त्यावर आता सिमेंटचा साकव होता, आणि पलीकडच्या उघड्या माळावर पांढरं कुंपण दिसत होतं. आत पर्जन्यमापक.

“सायब बोलला, झाडाखाली बसवाया येत न्हाई, उगड्यावर पायजे. मग काय, तितं बसवलं. त्या साली ओढा ह्या पायरीपातूर आला हुता. अकरा दिस म्या हितं घोंगडी पांघरून हुबा ऱ्हायचो, साडेआठला. आन माघारी जायचो. बाराव्या दिशी गेलो तवा डबा भरून व्हात हुता. भाईर किती सांडलं, कुनी बघितलंय?”

शलाका पायरीवर बसली. चौथं प्रकरण गेलं. सरांचा मोठा लेख गेला. सोमवार मात्र जागच्या जागी होता.

“म्हणजे बुवा,” ती हळूच म्हणाली, “छत्तीस वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस असेल तो. आणि तो मी कोरडा केला.”

“केलास खरा. आमच्या देवालाबी जमलं नसतं.”

तिला हसू फुटलं. दाबायला गेली तर आणखीच फुटलं. पुढची दोन-चार मिनिटं दोघंही नुसती हसत होती. लाज वाटतच होती तिला, पण उरावरचं ओझंही उतरत होतं. तो कोरडा पट्टा पटवून देताना आपल्याला गेले सहा महिने किती कष्ट पडले होते, हे तिला आत्ता कळलं.

तरी जित्याची खोड सुटेना. हसू आवरताच तिने वही-पेन काढलं.

“बुवा, तुम्ही इथे उभे होता ना? पाऊस डोळ्यांनी दिसत होता ना? मग अंदाजे सांगा. रोज दोनशे मिलिमीटर? अडीचशे? तेवढं भरते. शून्यापेक्षा तरी बरं.”

“बघत हुतो, पोरी. मोजत न्हवतो.”

“पण छत्तीस वर्षांचा अनुभव आहे तुमचा!”

“म्हनून तर कोरं ठेवलं.”

शलाकाने पेन मिटलं…

बुवांनी आत डोकावून घड्याळ पाहिलं. कोनाड्यातून एक किल्ली आणि काचेचं माप काढून तिच्या हातात दिलं.

“जा. साडेआठ व्हत आले.”

शलाकाने आभाळाकडे पाहिलं. निळंशार, ढगाचा ठिपकाही नव्हता. “आज? बुवा, दोन महिन्यांत पाऊस नाही. तिथे काय असणार?”

“जा तर खरी.”

ती गेली. साकव ओलांडून माळ चढली, कुलूप काढून कुंपणाचं फाटक उघडलं, वरचं नरसाळं उचललं. आतली बाटली कोरडी ठणठणीत. तरी तिने ती मापावर उपडी धरली आणि वाट पाहिली. उगवतीकडून गार वारा येत होता. खाली कोकणात धुकं साचलं होतं आणि दूर एका कड्याच्या पोटात बोटभर तांबडा पट्टा दिसत होता. बाटली उपडी धरून ती तिकडेच पाहत उभी राहिली. पहिल्या वर्षानंतर प्रथमच एवढी निवांत.

परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

“काय गावलं?”

“काही नाही.”

“बघितलंस?”

“बघितलं. बाटली उपडी केली, थांबले. काही नाही.”

बुवांनी यंदाची वही पुढे सरकवली. “मग लिव.”

शलाकाने तारीख लिहिली. त्यापुढे शून्य काढलं. प्रबंधात तिने अकरा शून्यं एकाच झटक्यात भरली होती. या एकाला माळ चढावा लागला होता. तिने ते जरा मोठंच काढलं, आणि बुवांनी सहीसाठी बोट दाखवलं तेव्हा तिला पहिल्या वर्षासारखा आनंद झाला.

मग तिने निळा प्रबंध मांडीवर घेतला. चौथं प्रकरण उघडून चौदाच्या चौदा पानांवर तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं: ‘नोंद नाही.’

“पण बुवा,” ती म्हणाली, “सोमवारी ते पाचही जण विचारणारच. मग त्या अकरा दिवसांत पाऊस पडला तरी किती? काय सांगू मी?”

बुवा जुनी वही फडक्यात बांधत होते. त्यांनी गाठ मारली, ती ओढून पाहिली…

“सांग, बुवाला ठाव न्हाई. आन बुवा तितंच हुबा हुता.”