गुंडाळलेली चटई

माझे संपूर्ण नाव मल्लिकार्जुन बसवणप्पा हत्तुरे. वय चौऱ्याहत्तर. शिक्षण सातवीपर्यंत, संगणकाची विद्या मी ग्रंथ वाचून एकट्याने संपादन केली आहे.

“मग अप्पा, उद्यापासून सुरू करायची ना?” मी आमच्या मठाधिपतींना विचारले.

टेकडीवरील आमच्या मठाच्या भक्तनिवासासाठी मी एक प्रणाली रचली होती. भक्ताने मोबाइलवरून खोलीची विचारणा करावी. त्याच क्षणी, त्या एका प्रश्नापुरती, उत्तरासाठी तात्पुरती रांग, म्हणजे संगणकातला उत्तर ठेवायचा एक कप्पा, निर्माण व्हावी. व्यवस्थापकाचे उत्तर तीत पडावे. भक्ताने ते उचलले, किंवा त्याचा संपर्क तुटला, की रांग नष्ट.

उद्या जत्रा होती. सात महिन्यांचे श्रम मठाधिपती अप्पांच्या एका होकारावर अडले होते.

“तपासली?”

“शंभर प्रश्न, शंभर उत्तरे. एकही चुकले नाही.”

“विचारलं कोणी?”

“मीच.”

“आणि उत्तर?”

“तेही मीच. शेजारच्या संगणकावरून, तत्काळ.”

“म्हणजे नवराही तुम्ही, भटजीही तुम्हीच!” अप्पा हसले.

मला ते रुचले नाही. “या विषयावरील तीन ग्रंथ मला मुखोद्गत आहेत, अप्पा. दोष असेल तर दाखवा.”

आमच्या मठाचा रिवाज असा, की प्रश्न घेऊन येणाऱ्यास अप्पा स्वहस्ते चटई अंथरून देतात. तो उठला, की चटई गुंडाळतात.

त्यांनी चटई अंथरली. “बसा. रीतसर विचारा.”

मी ताठ बसलो. “माझी प्रणाली जत्रेस योग्य आहे का?”

अप्पांनी डोळे मिटले...

बराच वेळ गेला. माझा फोन वाजला. प्रणालीच्या फलकावर माझे नाव कसे छापावे, असे छापखाना विचारत होता. मी उठून ओसरीवर गेलो व नाव एकेक अक्षर करून सांगितले. परतलो, तेव्हा चटई भिंतीशी उभी होती.

“अप्पा, उत्तर?”

“दिलं.”

“कधी? मी तर बाहेर होतो!”

“विचारलंत, दिलं. माझं काम झालं.”

“पण मला ते मिळाले नाही!”

अप्पांनी खिडकीतून खाली बोट दाखवले. टेकडीच्या चढावर, जिथे फोनची रेंज क्षणात येते नि क्षणात जाते, तिथे जत्रेची पहिली मंडळी पोरे कडेवर घेऊन येत होती.

“तुमच्या त्या शंभरांत, मल्लप्पा,” ते म्हणाले, “उत्तराआधी उठून गेलेला एक तरी होता?”

ती जत्रा कागदी चिठ्ठ्यांवर पार पडली. माझ्या तपासणीतील पहिला प्रश्नकर्ता आता प्रश्न विचारतो आणि निघून जातो.