पाहुण्यांचं तळं

रानात प्राण्यांचंच राज्य होतं तेव्हाची गोष्ट. काटेरी अंगाची म्हातारी साळू दुखरा पाय ओढत रोज लांब नदीवर पाणी प्यायला जायची. "जवळ एक तळं खणा," असं ती तीन उन्हाळे सांगत होती. रानाचा म्होरक्या गवा म्हणायचा, "बघू, मावशी."

मग सात रानांचे खेळ इथे भरायचे ठरले. पाहुण्यांना नदीपर्यंत चालवायचं कसं? गव्याने आठ दिवसांत तळं खणून घेतलं.

खेळ झाले. इथला ससा शर्यतीत शेवटून दुसरा आला. पाहुणे गेले, तळं राहिलं.

साळू तिथे पाणी पीत होती. गवा म्हणाला, "मावशी, एकही बक्षीस नाही. काय मिळालं आपल्याला?"

साळूने सावकाश तोंड पुसलं. "पुन्हा भरव बाबा खेळ. आणि पाहुण्यांना वाटेवर सावलीही लागते, असं सांग सगळ्यांना."