परक्या दारचे विरजण

एका राज्यात एक रीत होती. दुसरीकडे कोणी ऐकली असती तर हसले असते. तिथे भिंती उभ्या राहिल्या म्हणून घराला घर म्हणत नसत. नव्या जागी पहिल्या संध्याकाळी दुधाला विरजण लावायचे. सकाळी दही लागले तर दाराची चौकट बसवायची, नाही लागले तर सामान उचलून पुढे चालायचे. दही न लागलेल्या जागी लग्न होत नसे आणि तिथे जन्मलेल्या लेकराला नाव ठेवत नसत. विरजणही कुणाचेही चालत नसे, ते राजवाड्यातल्या रांजणातूनच यायचे. ज्याचे विरजण घेतले तो आपला राजा, अशी त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती, आणि समजुतीपुढे शहाणपण कुठे चालते?

राजाचे नाव हेमकेतू. माणूस दुष्ट नव्हता. पण जन्मापासून त्याने फक्त दिले होते, कधी काही मागितले नव्हते, आणि देणाऱ्याच्या मानेत जो ताठा येतो तो सहजी जात नाही. त्याच्या राज्यातली पयस्विनी नदी आजोबांच्या काळापासून रोडावत चालली होती. त्या वर्षी ती पुरती आटली. विहिरींत बेडूकसुद्धा उरले नाहीत. लोक बोचकी बांधून सीमेपलीकडे जाऊ लागले. आधी कुंभार गेले, मग कोष्टी, मग ज्यांची शेते होती तेही गेले. प्रत्येकाच्या बोचक्यात विरजणाचे लोटके तेवढे जपून ठेवलेले असे. राजा गच्चीवरून उडती धूळ पाहायचा आणि संतापायचा. आपले मीठ खाल्लेले लोक पाठ फिरवून जातात, एवढेच त्याला दिसे. त्यांच्या घशाची कोरड त्याला कशी दिसणार? वाड्यातल्या हौदात अजून पाणी होते.

एका सकाळी त्याने धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाला बोलावले. धूम्रकेशाने रांजणावर फुंकर घातली आणि राजाला बोलायला सांगितले.

राजा म्हणाला, "या रांजणातले विरजण घेऊन जे सीमा ओलांडून गेले आणि जे जातील, त्यांचे दूध परमुलखात विरजणार नाही."

रांजणातले दही क्षणभर निळे झाले, मग पुन्हा पांढरे. शाप लागला.

दुपारी दासी रडत आली. राजकन्या अंबुजा वाड्यात नव्हती. पहाटे निघालेल्या लोकांबरोबर ती आणि तिचा नवरा दोघेही निघून गेले होते. राजाची ती एकुलती एक लेक, आणि तिला दिवस गेलेले होते. आता त्याचे नातवंड उघड्यावर जन्मणार होते, आणि त्याला कोणी नावही ठेवणार नव्हते.

त्याने धूम्रकेशाला शाप मागे घ्यायला सांगितले, धमकावले, मग गयावया केली. मांत्रिकाने मान हलवली.

"सुटलेला शब्द माघारी येत नाही, महाराज. पण उतारा आहे. घर सोडून गेलेल्या तिघांना विचारा, घर का सोडले. पहिल्याशी वाद घालू नका. दुसऱ्याची क्षमा मागा. तिसरा सांगेल ते करा."

राजा एकटाच निघाला. सीमेवरच्या वठलेल्या झाडावर एक करकोचा बसला होता, डोंगरांपलीकडून दर वर्षी येणारा. राजाने त्याला विचारले.

"माझ्या मुलखात तळी गोठतात," करकोचा म्हणाला. "गोठलेल्या तळ्यात मासा मिळत नाही. पोटासाठी आलो."

घरट्याची माया नाही का तुला, असे राजाच्या अगदी ओठांवर आले होते. पण वाद घालायचा नव्हता. त्याने शब्द गिळला. त्याचा चेहरा पाहून पक्षी आपणहूनच म्हणाला, "घरटे रोज आठवते, महाराज. आठवणीने पिलांचे पोट भरत नाही." मग त्याने एक पीस गाळले. ते पीस जमिनीवर न पडता राजाच्या पुढे पुढे उडू लागले, आणि राजा त्याच्या मागे चालू लागला.

पीस एका दूरच्या दरीत थांबले. तिथे दोन्ही काठ भरून एक नदी वाहत होती. राजाने पाणी ओंजळीत घेतले आणि चवीने ओळखले. ही त्याच्याच राज्यातली पयस्विनी. त्याने हाक मारली, तशी ती बाईच्या रूपात कमरेपर्यंत पाण्यातून वर आली. केस ओले, डोळे रागाचे.

"मी गेले नाही, मला घालवले," ती म्हणाली. "तुझ्या आजोबाने माझ्या उगमात सोने पुरले, वर शिळा ठेवली आणि पहाऱ्याला नाग बसवला. तोंड दाबल्यावर मी किती काळ थांबायचे? जिकडे उतार मिळाला तिकडे वळले."

ती शिळा राजाला चांगली ठाऊक होती. राज्याभिषेकाच्या दिवशी त्याने तिची पूजा केली होती. आपल्या घराण्याचे भाग्य समजून ज्याला हळदकुंकू वाहिले, त्यानेच राज्य कोरडे पाडले होते. राजाला लाज वाटली. त्याने वाळूवर कपाळ टेकले आणि क्षमा मागितली. क्षमा मागण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

नदीचा राग थोडा निवळला. "शिळा काढशील तेव्हा पाहू," ती म्हणाली. "आधी लेकीकडे जा. माझ्याच काठाने चालत गेले आहेत ते सगळे."

काठाकाठाने राजाला विझलेल्या चुलींच्या खुणा दिसत गेल्या. रोज संध्याकाळी विरजण लावायचे, रोज सकाळी पातळ दूध पाहायचे आणि उठून चालायचे, असे चालले होते त्या लोकांचे. अखेर एका परक्या गावाच्या शिवारात त्याने त्यांना गाठले. शाप कोणी दिला हे त्यांना मागून आलेल्या लोकांकडून कळले होते. तरी राजाला पाहताच ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांनी मुजरा केला. त्यांनी दगड मारले असते तर राजाला सोपे गेले असते.

अंबुजा एका झाडाला टेकून बसली होती. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. तिच्यापाशी बसून राजाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला.

"हौदात पाणी होते, बाबा," ती म्हणाली. "पण गल्लीत एकही लेकरू उरले नव्हते. माझ्या बाळाला राज्य मिळाले असते, सवंगडी मिळाला नसता."

राजाने नजर गावाकडे वळवली. मग त्याने विचारले, समोरच्या गावात गाईम्हशी दिसतात, दह्याच्या हंड्या दिसतात, मग त्यांच्याकडून विरजण का मागितले नाही?

"मी हात जोडून सांगितले सगळ्यांना. ऐकत नाहीत. दुसऱ्याचे विरजण घेतले तर आपला राजा दुसरा होईल, म्हणतात."

राजा त्या लोकांकडे पाहत राहिला. ज्यांना त्याने कृतघ्न मानले, ते त्याच्याचसाठी बेघर हिंडत होते.

"मी काय करू?" त्याने विचारले.

"तुम्ही मागा."

"मग मी यांचा राजा उरणार नाही."

"नाही उरणार," अंबुजा म्हणाली.

राजाने मुकुट काढून तिच्या ओटीत ठेवला, रिकामे लोटके उचलले आणि तो गावात गेला. पहिल्याच दारात एक बाई गोवऱ्या थापत होती. सगुणा तिचे नाव. राजा तिच्यासमोर उभा राहिला. ज्याने सैन्याला हुकूम सोडले त्याची जीभ एवढ्याशा वाक्याला अडखळली.

"बाई, थोडे विरजण द्याल?"

"दिवेलागणीआधी आलात ते बरे केलेत, नंतर आम्ही घराबाहेर देत नाही," ती म्हणाली. हात धुऊन तिने आधी त्याला पाणी दिले, मग लोटके भरून आणले.

राजाने ते दोन्ही हातांनी घेतले. "हे घेतल्यावर आम्ही तुमचे कोण झालो?"

सगुणेला प्रश्नच कळला नाही. "शेजारी," ती म्हणाली. "आणखी कोण?"

त्या संध्याकाळी शिवारात प्रत्येकाने आपल्या दुधाला त्यातले थेंब थेंब विरजण लावले. राजाने घेतले, मग आपण कोणासाठी अडून बसायचे, असे म्हणत म्हातारीकोतारीही पुढे आली. सकाळी झाकण काढले तर सुरीने कापावे असे दही. लोक रडले, हसले आणि सुतारांनी चौकटींची लाकडे तासायला घेतली. पहिली चौकट अंबुजेची बसली. तिला मुलगी झाली ती त्या चौकटीच्या आत, आणि बाराव्या दिवशी सगुणेने बाळाच्या कानात नाव सांगितले, पयस्विनी.

हेमकेतू परतला. उगमावरची शिळा त्याने स्वतः पहार लावून उलथली. नागाने फणा काढला आणि सोने हवे का, म्हणून विचारले. राजा म्हणाला, पाणी हवे. नाग वाट सोडून निघून गेला. खाली सोने उरलेच नव्हते, त्याचे काळे गोटे झाले होते. पयस्विनीची एक धार माघारी आली. काही लोक परतले आणि त्यांनी हेमकेतूलाच पुन्हा राजा केले. बरेचसे परतले नाहीत, कारण त्यांच्या चौकटी तिकडे बसल्या होत्या. राजाने त्यांच्यामागे शिपाई धाडले नाहीत.

वाड्यातला रांजण घासूनपुसून त्याने त्यात सगुणेकडचे विरजण लावले, आणि तो उचलून सीमेच्या वेशीत ठेवला. जाणाराही त्यातून घेई, येणाराही घेई. कोणी का निघालास, का आलास, असे विचारत नसे.

खूप वर्षांनी कुठल्याशा जळालेल्या मुलखातून माणसे आली. अंगावर राख, हातात रिकामी भांडी. वेशीत एक म्हातारा पळी घेऊन बसला होता. त्याने आधी पाणी दिले, मग भांडी भरली. त्यांच्यातल्या एकीने भीत भीत विचारले, हे घेतल्यावर आम्ही तुमचे कोण?

"शेजारी," म्हातारा राजा म्हणाला, आणि पुढच्याचे भांडे हातात घेतले.