राजाची चौचाकी

चौचाकी विकत घ्यावी की नाही, यावरून उंबरगडचा दरबार रोज भरत होता आणि रोज तसाच उठत होता.

बंदरावरच्या एका सौदागराने ती आणून राजवाड्यासमोरच्या फरसबंद चौकात उभी केली होती. चार भक्कम चाकं, चाकांना लोखंडी धावा, मागे गवत, लाकडं, पाण्याची पिंपं असं काहीही मावेल एवढा हौदा आणि पुढे मालकासाठी मखमली बैठक. सहा बैल जुंपले की चिखलातून काय आणि चढावरून काय, ही कुठेही जाते, असं सौदागर सांगे. किंमत ऐकून खजिनदारांनी प्यायला पाणी मागितलं होतं.

राजे भानजीरावांना ती नाचणखोऱ्यातल्या आपल्या शेतीबागेसाठी हवी होती. मनातून त्यांनी ती घेतलीच होती. आता फक्त कुणीतरी ‘घ्या’ म्हणायचं राहिलं होतं. पण तसं म्हणणार कोण? राजांनी अटच तशी घातली होती. जो ‘घ्या’ म्हणेल त्याने, गाडी पुढे कुठे अडली, तर बैलांच्या जागी स्वतःला जुंपून घ्यायचं. जो ‘नको’ म्हणेल त्याने राजाच्या आवडीला नाव ठेवलं, म्हणून राज्य सोडायचं. त्यात सौदागराचं वेगळंच. चाकाला माती लागली की गाडी विकली गेली असं तो समजणार होता. म्हणजे चालवून बघायचीही सोय नव्हती.

प्रधानांचा घसा बसला. सेनापती सरहद्दीकडे निघून गेले. सरहद्दीवर तेव्हा काहीच चाललेलं नव्हतं.

शेवटी राजांनी नाचणखोऱ्याचा राखणदार सुभाना याला बोलावून घेतलं. जमीन तू सांभाळतोस, तेव्हा तूच काय ते सांग, असं फर्मावलं आणि उद्या संध्याकाळची मुदत दिली.

सुभाना घरी आला आणि भिंतीला टेकून बसून राहिला. त्याची लेक हौसा भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. बापाचे गुडघे असे, की त्याला साधा चढ चढवत नव्हता. तो जुंपला गेला तर संपलाच. आणि खोरं सोडायचं, तर आई जिथे गेली आणि जिथली प्रत्येक पायवाट ओळखीची, ते सोडून जायचं कुठे? पण तव्यावरची भाकरी हौसाने करपू दिली नाही.

ती उलटून झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, गाडीला हात लावलेला चालतो का?”

“चालतो. हलवलेली चालत नाही.”

सकाळी उठून हौसा सुतळी घेऊन राजवाड्यावर गेली आणि गाडीची लांबी-रुंदी मोजू लागली. सौदागराला वाटलं, गाडीसाठी छप्पर घालायचं चाललंय. त्याने आनंदाने सुतळीचं दुसरं टोक स्वतः धरलं. मग घरी येऊन बापलेकीने बांबूचा तेवढाच चौकोन बांधला, त्याला पुढे लांब दांडा लावला आणि राजांना निरोप धाडला: उत्तर तयार आहे, पण ते ऐकायला खोऱ्यात यावं लागेल.

राजे दरबाऱ्यांसह आले. बांबूकडे बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

“चौचाकी, महाराज,” हौसा म्हणाली. “बसायची सोय तेवढी नाही.”

राजांना तिने चौकोनाच्या मधोमध उभं केलं. चार कोपरे चार शिपायांकडे दिले. बैलांचीही जागा धरायला हवी होती, म्हणून पुढच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी सहा दरबारी लावले. पहिल्या जोडीत प्रधान होते. घसा बसल्यामुळे त्यांना काही म्हणता आलं नाही.

मिरवणूक निघाली आणि बागेच्या दगडी फाटकातच अडली. राजे म्हणाले, फाटक पाडू. “पाडलं असं धरा,” हौसा म्हणाली आणि शिपायांनी चौकोन फाटकावरून पलीकडे नेला.

पुढे नाचणीच्या खाचरांमधला बांध लागला. चौकोन दोन्ही बाजूंनी उभ्या पिकावर गेला. बांध रुंद करू, असं राजे म्हणाले. तोही रुंद झाला असं धरलं. ओढ्यावर साकव होता, दोन ओंडक्यांचा. तिथे राजांनी चांगला दगडी पूल बांधायचं ठरवलं. तोवर पुढचे बैल ओढ्यात उतरून पलीकडे गेलेही होते.

ओढ्यापलीकडे फणसांची जुनी रांग होती. झाडं इतकी जवळजवळ, की चौकोन दोन बुंध्यांमध्ये गच्च बसला. मागे होईना, पुढे जाईना.

हौसा शांतपणे म्हणाली, “महाराज, ही थोरल्या आईसाहेबांनी लावलेली. तोडली असं धरायचं?”

राजांनी वर बघितलं. बुंध्यापासून फांदीपर्यंत फणस लगडले होते. लहानपणी याच झाडावरून पडून त्यांचा दात तुटला होता आणि आईसाहेबांनी आधी झाडाची चौकशी केली होती.

“नको,” राजे म्हणाले.

एका शिपायाने राज्याच्या सीमेच्या दिशेला बघितल्यासारखं केलं. राजांच्या ते लक्षात आलं.

“मी झाडांबद्दल बोललो,” ते घाईने म्हणाले. “तू गाडीचं सांग. घ्यायची की नाही?”

सुभानाने डोळे मिटून घेतले. हौसाने पदर सारखा केला.

“गाडी उत्तम आहे, महाराज. तिच्यात खोट काढायला जागा नाही. फक्त तिच्या मापाची जमीन आपल्याकडे नाही. सौदागराकडे तशी जमीन असेल, तर दोन्ही मिळूनच घ्या.”

राजांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले, की बुंध्यांत अडकलेला बांबूचा चौकोन आपोआप निसटला. हसता हसताच त्यांनी विचारलं, आज या खोऱ्यातलं गवत आणि पाणी कशावरून जातं? बायकांच्या डोक्यावरून, असं हौसाने सांगितलं. राजे हसायचे थांबले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. सौदागराने आपली गाडी आहे तशी घेऊन जावी. फणसांखालचं खाचर सुभानाच्या घराला कायमचं इनाम. आणि या बागेच्या वाटांवरून जाईल अशी, दोन चाकांची अरुंद गाडी राजवाड्याच्या सुताराकडून हौसाला करून मिळावी.

“बैलांसकट म्हणालात ना, महाराज?” हौसाने विचारलं.

राजे तसं म्हणाले नव्हते. पण ते पुन्हा हसू लागले, आणि बैल दिले.